गुणगुण येते कुठून?

[उघडं कॅबिनेट, वरून. आवाज: स्पीकरची गुणगुण]

गाणं बंद. माइक काढून ठेवलेला. तरी स्पीकर बोलायलाय.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीतलं हे दुकान. टेबलावरचा अ‍ॅम्प्लिफायर हाताने जोडलेला आहे. टीडीए 7294 आयसी (आवाज मोठा करणारी चिप), 22-0-22 चा ट्रान्सफॉर्मर, 4700 मायक्रोफॅरडचे दोन कॉन्डेन्सर आणि समोरच्या पट्टीवर ब्लूटूथचं किट. सप्ताह तोंडावर आलाय. देवळातून निरोप आहे, "आयसी बदलून द्या."

आयसीला काहीही झालेलं नाही.

[आरसीए पिन, जवळून]

पहिली तपासणी फुकटातली. ऑडिओ वायरीची जुनी आरसीए पिन घ्यायची, मधला खिळा बाहेरच्या कडीला तारेने जोडायचा आणि पिन इनपुटला लावायची. गुणगुण थांबली तर दोष बाहेरच्या वायरीत नाहीतर मिक्सरमध्ये. इथे थांबली नाही. आता व्हॉल्यूम शून्यावर. आवाज तेवढाच! म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलच्या अलीकडचं सगळं निर्दोष सुटलं.

"मामा, कॉन्डेन्सर वाढवू का?"
"थांब की. आधी वायर बघ."

[दोन कॉन्डेन्सरांमधली काळी वायर. कॅमेरा तिच्यावरच थांबतो]

हीच ती वायर. दोन कॉन्डेन्सरांना जोडणारी, दहा सेंटिमीटर लांब, अर्ध्या चौरस मिलिमीटरची. हिच्या एका टोकाला इनपुट वायरीच्या शिल्डची, म्हणजे बाहेरच्या आवरणाची जाळी डागलीय, दुसऱ्या टोकाला बोर्डाचं ग्राउंड (शून्य व्होल्टची बाजू) आणि स्पीकरची परतीची वायर. कागदावर दोन्ही टोकं एकच, ग्राउंड. तांब्याला ते मान्य नाही.

एसीचं डीसी करणारा ब्रिज सेकंदाला 100 वेळा कॉन्डेन्सर भरतो, आणि तेही सलग धारेने नाही, झटक्यांनी. प्रत्येक झटका याच वायरीतून जातो. तिचा रोध साधारण साडेतीन मिलिओम. आयसी नुसती बसून असताना झटका 0.3 अँपिअरचा धरला, तरी वायरीच्या दोन टोकांत एक मिलिव्होल्टचा फरक पडतो. आयसीला तो फरक म्हणजे गाणंच वाटतं. आवाज किती पट वाढायचा ते ठरवणारे फीडबॅकचे रजिस्टन्स 22 किलोओम आणि 680 ओहम, म्हणजे वाढ साधारण 33 पट. स्पीकरवर 33 मिलिव्होल्ट. दुपारी बाजाराच्या गलक्यात हे कुणाला कळायचंही नाही.

कॉन्डेन्सर दुप्पट केले असते तर झटके आणखी टोकदार झाले असते. पैसे जाऊन गुणगुण तशीच.

[सोल्डर वितळताना]

उपाय बघा. कॉन्डेन्सरांच्या मध्ये आखूड, जाड तांब्याची पट्टी. ट्रान्सफॉर्मरची मधली वायर थेट पट्टीवर. पट्टीच्या मध्यातून तीन-चार सेंटिमीटरची जाड वायर एका बोल्टपर्यंत काढायची. हा बोल्ट म्हणजे स्टार, सगळी ग्राउंड जिथे भेटतात तो एकच बिंदू. त्यावर बोर्डाचं पॉवर ग्राउंड, स्पीकरची परत, इनपुटचं ग्राउंड. प्रत्येकाची वायर वेगळी, कुणी कुणाच्या वायरीवर बसायचं नाही. इनपुटचं सॉकेट प्लॅस्टिकच्या वॉशरवर, बॉडीला न टेकता. नाहीतर ग्राउंड मागच्या दाराने पुन्हा आत शिरतं.

आणि हो, गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन तोडायची नाही. बॉडीत करंट उतरला तर माइक धरणाऱ्याला बसतो.

[पिन काढून मोबाईल जोडला जातो. ब्लूटूथच्या दिव्याचा निळा उजेड]

आता 'किर्र' उरलीय. ही वेगळी जात. किटचं पाच व्होल्ट याच सप्लायमधून घेतलेलं, आणि त्याचा डिजिटल करंट ऑडिओच्याच ग्राउंडवरून परततो. पाच व्होल्टच्या वायरीत बी0505एस हा आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंची ग्राउंड वेगळी ठेवणारा कन्व्हर्टर बसवला की ही वाट तुटते.

राहिली बारीक 'सूंऽ'. ती रजिस्टन्सच्या उष्णतेची, पूर्ण कधीच जात नाही. 100 किलोओमचा व्हॉल्यूम कंट्रोल मध्यावर असला की आयसीला 25 किलोओम दिसतात. ऐकू येणाऱ्या पट्ट्यात त्यांचा आवाज तीन मायक्रोव्होल्टच्या आतबाहेर, आणि 33 पट होऊनही मिलिव्होल्टच्या दहाव्या भागापर्यंतच. 10 किलोओमचा कंट्रोल लावला तर त्याचाही तिसरा हिस्सा. एवढी 'सूं' देवळाच्या पायरीपर्यंतही पोचत नाही. लांबून ऐकू येत असेल तर माइकचा प्रीअँप, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल आधी मोठा करणारा भाग, उघडायचा.

[मिस्त्री मामांचा कान स्पीकरच्या कागदाजवळ. व्हॉल्यूम पूर्ण]

पिन पुन्हा इनपुटला. व्हॉल्यूम पूर्ण.

"यायलंय का काही?"
"नाही."

[रात्र. मंडप. पहाऱ्याचा वीणेकरी उभा, वीणा खांद्याला. अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा]

सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. रात्री दोनला मंडपात एकटा पहारेकरी असतो, आणि माइक चालू असतो.

[निवेदन थांबते. फक्त वीणा]