भरतीची वेळ कॅलेंडरात बघा
(कोल्हापुरात पक्षीनिरीक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

आपल्याला सवय रंकाळा, कळंबा या तळ्यांची. उजाडताना काठावर पोचायचं, नऊपर्यंत पाखरं बघायची आणि कामाला लागायचं. खाडीवर हे जमत नाही. तिथं पाखरांचा दिवस पाण्यावर ठरतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की ती चरतात, मग रात्र का असेना. भरतीला चिखल बुडाला की कोरड्या जागी दाटीवाटीनं उभी राहतात.

आता भरती कधी, हे कोल्हापुरात बसून कसं कळायचं? भिंतीवरचं कॅलेंडर काढा. तिथीला पाऊणने गुणा, येईल तो ढोबळमानानं भरतीचा तास. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला अकरा-बारा, शिवाय तेव्हा उधाण, म्हणजे चिखल जास्त उघडतो आणि जास्त बुडतो. आपण हेच दिवस धरायचे. पहाटे पाचला निघून आंबा घाट उतरलात की नऊच्या सुमारास रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर. पाणी निम्मं चढलेलं असतं आणि पुढचे दोन तास तेच पाखरांना तुमच्याकडे ढकलत आणतं. ऊन पाठीवर घेऊन उभे राहा. मिसळ खाऊन निघू म्हटलंत, तर नुसतं पाणी बघून परत याल. अष्टमीला भरदुपारी ओहोटी: पाखरं लांब, आणि तापल्या हवेत दुर्बिणीतलं सगळं थरथरतं.

दुसरं, रंगावर जाऊ नका. हिवाळ्यात सगळेच राखी-तपकिरी. चिखल्या या किनाऱ्यावरच्या छोट्या पाखराची तांबूस छाती बघायची तर मार्च-एप्रिल उजाडावा लागतो. त्यापेक्षा खाणं बघा. चिखल्याचे डोळे मोठे, चोच आखूड. तुरुतुरु पळतो, गपकन थांबतो, टक लावून बघतो आणि टिपतो. लांब किडा लागला तर पाय रोवून, मागे रेलून खेचतो. पाणटिवळ्याचं उलट. लांब चोच पार मुळापर्यंत चिखलात. दिसत काहीच नाही, पण टोकाला स्पर्श बारीक कळतो. आणि बाकीची चोच मिटलेली ठेवून नुसतं टोक उघडता येतं! त्यामुळं एकाच चिखलात दोघांचं भागतं. पहिला तासभर तरी पुस्तक पिशवीत राहू द्या, नावं कुठं पळून जात नाहीत.

उघडा चिखल म्हणजे रिकामी जागा, असं समजून त्यावर हौसेनं खारफुटी लावतात, ते मला पटत नाही. खारफुटी हवीच, पण तिच्या जागी. या पाखरांना ससाणा लांबून दिसायला हवा. झाडांनी वेढलेल्या चिखलावर ती उतरायला कचरतात.

राहता राहिलं थव्यापासून ठेवायचं अंतर. आपल्याकडचे कित्येक चिखल्या वसंतात तिबेट-लडाखच्या पठाराकडे अंडी घालायला जातात. त्याआधी अंगावर चरबी चढवावी लागते. २०२२ मध्ये अलास्काहून निघालेला एक तरुण पाणटिवळा ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरला, वाटेत कुठंही न टेकता, निव्वळ साठवलेल्या चरबीवर. भरतीला विसावलेला थवा उठवलात की ती चरबी फुकट जळते. म्हणून आधीच सांगून ठेवतो, फोटोसाठी थवा उडवणाऱ्याला परतीच्या गाडीत जागा नाही. रत्नागिरीहून एस.टी. मिळते.