दोन कॉलच्या मधली वेळ

(दृश्य: रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडं, आत फवारणी सुरू)

गाडीत फवारलं जातंय ते एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट. इथली माणसं नुसतं ‘हायपो’ म्हणतात. पेशंट उतरला की आधी स्ट्रेचर पुसायचं, मग बाजूचे दांडे, सिलिंडरची चावी, दाराची कडी, शेवटी गाडीचा तळ. मग औषध वाळेपर्यंत थांबायचं. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, रुग्णवाहिकेवरच्या या माणसांना बसायला मिळाली ती बहुतेक एवढीच वेळ, आणि तीही पीपीई किटमध्ये घामानं निथळत.

(दृश्य: किट उतरवताना. हात, चष्मा, मास्क)

किट उतरवायचाही क्रम असतो. प्रत्येक टप्प्यावर हात निर्जंतुक करायचे, मास्क सगळ्यात शेवटी. नाकावरचा वळ नीट पाहा.

महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. करोनाच्या काळात ९३७ गाड्या होत्या. पैसे लागत नाहीत, आणि फोन राज्यात कुठूनही केला तरी तो वाजतो पुण्यात, औंधच्या केंद्रात. आपल्याकडच्या १०८ मध्ये डॉक्टर असतो. बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस, म्हणजे आयुर्वेद किंवा होमिओपॅथी शिकलेला, वयानं तरुण. आणि चालकाला इथे ड्रायव्हर म्हणत नाहीत, पायलट म्हणतात. किताब मोठा आहे, पण करोनायोद्ध्यांच्या सत्काराच्या फोटोंत हा पायलट शोधून दाखवा.

(दृश्य: सिलिंडरचा काटा, जवळून)

आता हा काटा. गाडीतल्या ‘बी टाइप’ सिलिंडरमध्ये साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दहा लिटर लावला, तर अडीच तास. पंधरा लावला, तर एक तास चाळीस मिनिटं. एरवी हा हिशेब कुणी करत नाही, कारण गाडीचं काम दारापर्यंत पोहोचवायचं आणि पेशंट ताब्यात द्यायचा. दुसऱ्या लाटेत दार होतं, आत बेड नव्हता. डॉक्टर एका हातात फोन घेऊन पुढच्या रुग्णालयाला विचारतोय, दुसऱ्या हातानं ऑक्सिमीटर पेशंटच्या बोटावर सरळ करतोय, आणि डोळे काट्यावर. फ्लो कमी केला तर सिलिंडर पुरेल, पेशंट टिकेल का? हा प्रश्न शिकताना परीक्षेत आलेला नसतो. नातेवाईक मात्र ओरडतात ते या डॉक्टरवरच.

(दृश्य: चालकाची केबिन, इंजिन सुरू)

पायलटला मागचं दिसत नाही, ऐकू येतं. खोकला, डॉक्टरचा चढलेला आवाज, आणि मग काहीच नाही. गाडी वळवायची की थांबवायची, हे त्याला त्यावरून कळतं. स्ट्रेचरचं दुसरं टोक त्यानंच धरलेलं असतं. पेशंट गाडीतच गेला, तर घरच्यांसमोर दार उघडायला पहिला उतरतो तोही हाच.

(पायलटची मुलाखत. निवेदन थांबेल.)

सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. मार्च २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा जाहीर झाला. एप्रिलमध्ये त्यांच्यावरच्या हल्ल्यांना कडक शिक्षा देणारा अध्यादेश आला. मनासाठी हेल्पलाइनही होती. पण तिथे फोन करायचा तर आधी आपल्याला काही झालंय हे मान्य करावं लागतं, आणि दिवसभर दुसऱ्यांचे फोन घेणाऱ्या माणसाला ते सगळ्यात अवघड जातं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आला ऑक्टोबर २०२२ मध्ये. तोवर झोप उडालेली, चिडचिड अंगवळणी पडलेली, काहींनी गाडी सोडलेली.

(दृश्य: नोंदवही, कॉलच्या वेळा)

या वहीत कॉल कधी आला, गाडी कधी निघाली, किलोमीटर किती, सगळं लिहिलेलं आहे. टायर फुटला, तर गाडी ‘ऑफ रोड’ दाखवता येते आणि तेवढा वेळ कॉल येत नाही. मग गाडीत माणूस दगावला, तर डॉक्टर आणि पायलट दोघांनाही अर्धा तास ऑफ रोड का नको? पुढची साथ येईल तेव्हा गाड्या वाढवाव्या लागतील हे सगळ्यांना पटतं. हा अर्धा तास धरूनच त्या किती वाढवायच्या ते ठरवावं, एवढंच मागणं आहे.