दोन हप्त्यांत बांधलेली कलाशाळा

मंडळी, स्कॉटलंडमधल्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टची इमारत एका दमात उभी राहिलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. मधलं प्रवेशद्वार आणि त्याच्या पूर्वेचा भाग १८९७ ते १८९९ मध्ये झाला, पश्चिमेचा भाग १९०७ ते १९०९ मध्ये. मधली आठ वर्षं गेली ती पैशांअभावी. १८९६ साली स्पर्धा निघाली तेव्हा 'साध्या' इमारतीसाठी १४,००० पौंड ठरले होते. स्पर्धकांनी मागणीची यादी वाचली, हिशेब केला आणि एवढ्यात हे बसणार नाही असं कळवलं. मग संचालक मंडळानं तोड काढली: आराखडा पूर्ण इमारतीचा द्या, आणि या रकमेत त्यातला किती भाग होईल ते दाखवा. हनीमन अँड केपी या कचेरीचा आराखडा निवडला गेला. तो काढणारा चार्ल्स रेनी मॅकिन्टॉश तेव्हा २८ वर्षांचा होता आणि कचेरीत भागीदारही नव्हता.

जागा गार्नेटहिल टेकडीवरची. उत्तरेला रेनफ्रू स्ट्रीट, आणि तिथून जमीन दक्षिणेकडे सॉकीहॉल स्ट्रीटच्या दिशेनं धाडकन खाली उतरते. त्यामुळे समोरून बेताची दिसणारी इमारत मागून किल्ल्यासारखी उंच दिसते. प्लॅन आडव्या ई अक्षरासारखा आहे: उत्तरेला ओळीनं चित्रशाळा, त्यांच्या मागे लांब कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरमधून दक्षिणेकडे निघालेल्या तीन शाखा. रस्त्याकडची भिंत घडीव वालुकाश्माची, मागची विटांची आणि वर खरबरीत गिलावा. जिथे लोक बघतात तिथे दगड, जिथे बघत नाहीत तिथे वीट. काटकसर इथे स्पष्ट दिसते, आणि मला ती प्रामाणिक वाटते.

आता उत्तरेच्या खिडक्या. चित्रकाराला उत्तरेचा उजेड का लागतो हे आपल्याला माहीत आहे: थेट ऊन नाही, त्यामुळे सावल्या सरकत नाहीत. पण ग्लासगोचं गणित आपल्याहून वेगळं आहे. शहर जवळजवळ ५६ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १०-११ अंश वर येतो. मुंबईत त्याच दिवशी तो ४७ अंशांच्या वर असतो. तिकडचा दिवस साधारण सात तासांचा, तोही बहुधा ढगाळ. म्हणून नुसती मोठी तावदानं पुरत नाहीत, भिंतच जवळपास काचेची हवी. मॅकिन्टॉशनं तेच केलं.

या खिडक्यांना बाहेरून लोखंडी कंस होते, टोकाला फुलासारखी गुंडाळी असलेले. पर्यटक त्यांना नक्षी समजत. त्यांची कामं दोन होती: उंच खिडकीचे उभे दंड वाऱ्याविरुद्ध धरून ठेवणं, आणि काच पुसणाऱ्याच्या फळीला टेकू देणं. इमारतीतली बहुतेक नक्षी अशी कामाला लावलेली होती. समोरून मोजलंत तर दाराच्या एका बाजूला तीन मोठ्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला चार. रुंदी कमी-जास्त करून तोल सांभाळलाय, म्हणून ही विषमता पटकन खटकत नाही.

१९०७ साली दुसरा हप्ता सुरू झाला तेव्हा मॅकिन्टॉश भागीदार झाला होता आणि हिल हाउस या घरासारखं काम हातावेगळं करून आला होता. रेनफ्रू स्ट्रीटची बाजू त्यानं आधीच्या आराखड्याप्रमाणे पुढे नेली, तिथे सांधा शोधून सापडत नाही. पश्चिमेची गेबल, म्हणजे टोकाची भिंत मात्र त्यानं नव्यानं काढली. पूर्वेची गेबल जुन्या स्कॉटिश गढीची आठवण करून देते: भरीव दगड, मध्ये छोट्या-मोठ्या खिडक्या. पश्चिमेला तीन उभट, बाहेर आलेली गवाक्षं मजल्यामागून मजला चढत जातात. बाजूचे अर्धगोल दगडी दंड मूर्ती कोरण्यासाठी ठेवले होते, ते तसेच कोरे राहिले. जुन्या भागाशी जुळवायचं की आपल्या काळाचं बोलायचं, या प्रश्नाला त्यानं एकाच इमारतीच्या दोन बाजूंवर दोन उत्तरं दिली. वाढीव बांधकामाचा इतका चांगला धडा मला दुसरीकडे दिसलेला नाही.

याच हप्त्यात वर आणखी एक मजला चढला. रस्त्यावरून दिसू नये म्हणून तो मागे सरकवून बांधला. आगीच्या धास्तीनं दोन्ही टोकांना नवे जिने घातले. वरच्या चित्रशाळा जोडायला दक्षिणेकडे काचेचा अरुंद बोळ अधांतरी काढला, त्याला विद्यार्थी 'हेन रन' म्हणत, म्हणजे कोंबड्यांना फिरायचं कुंपण.

पश्चिमेच्या त्या गवाक्षांमागे होतं ग्रंथालय: सुमारे ३५ बाय ३५ फूट, दोन मजली उंच, आत चारी बाजूंनी सज्जा. सेक्शन, म्हणजे उभा छेद, नीट बघा. लाकडी खांबांची जागा खालच्या मजल्याच्या तुळयांनी ठरवली होती, वाटेल तिथे खांब बसवता येत नव्हते. सज्जा खांबांपर्यंत आणला असता तर मधली मोकळी जागा विहिरीसारखी अंधारी झाली असती. म्हणून सज्जा खांबांपासून मागे ओढला, आणि त्याला धरणाऱ्या आडव्या तुळया तेवढ्या पुढे येऊन खांबांना मिळाल्या. त्या उघड्या राहिलेल्या फटीत खाचा पाडलेले, रंगवलेले लाकडी दंड उभे केले. ग्रंथालयाचं सगळं सौंदर्य या एका अडचणीतून आलेलं होतं.

भिंतीत न दिसणारी गोष्टही तितकीच महत्त्वाची. एवढ्या काचा, त्यात उघड्या अंगानं तासन् तास बसणारी मॉडेल्स, म्हणजे ऊब हवीच. तळघरातला पंखा बाहेरची हवा ओढी, ती वाफेच्या नळ्यांवर तापे, आणि कॉरिडॉरलगतच्या जाड भिंतीतल्या उभ्या पोकळ्यांतून प्रत्येक मजल्यावर जाई. त्या काळी हे फार पुढारलेलं होतं. पुढे तापवण्याची पद्धत बदलली, पोकळ्या मात्र राहिल्या.

२३ मे २०१४ ला तळघरातल्या एका चित्रशाळेत विद्यार्थ्याच्या प्रदर्शनासाठी वापरलेल्या फोमच्या डब्यातला वायू प्रोजेक्टरच्या उष्णतेनं पेटला. ज्वाळा या पोकळ्यांमध्ये शिरल्या. खाली मोकळं, वर मोकळं, मध्ये अडवणारं काही नाही, म्हणजे सरळ धुरांडंच. पाण्याच्या सूक्ष्म फवाऱ्यानं आग विझवणारी यंत्रणा बसवण्याचं काम चालू होतं, ती अजून सुरू झाली नव्हती. ग्रंथालय संपलं. बाकी इमारत बरीचशी वाचली.

नंतर राखेतून एक उपयोगी माहिती निघाली. ग्रंथालयाचं लाकूड अमेरिकन ट्यूलिपवुड होतं, आणि जिथे सुबक सांधे असतील असं सगळे धरून चालले होते तिथे चक्क खिळे ठोकलेले होते. जीर्णोद्धारासाठी नमुना बांधताना हे सगळं तसंच केलं गेलं. पण १५ जून २०१८ ला, काम संपत आलेलं असताना, दुसरी आग लागली आणि या वेळी जवळजवळ सगळं गेलं. अग्निशमन दलाच्या २०२२ च्या अहवालात कारण निश्चित झालं नाही. अस्थिर झालेल्या भिंतींचे काही भाग उतरवावे लागले.

समोरच्या रीड बिल्डिंगबद्दल थोडक्यात. वास्तुकार स्टीव्हन हॉल यांची ही इमारत पहिल्या आगीच्या काही आठवडे आधी, एप्रिल २०१४ मध्ये उघडली. बाहेरून दुधी काच, आत काँक्रीटचे तीन पांढरे, तिरके, पोकळ स्तंभ, जे छपरावरचा उजेड खालपर्यंत आणतात आणि भारही पेलतात. दगडाची नक्कल केली नाही हे ठीक झालं. पण रस्त्यावरून बघताना ती समोरच्या भिंतीशी बोलते असं मला वाटत नाही. आतला उजेड मात्र कमाल आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या हाती अशी जुनी इमारत आली, तर दर्शनी भागाचे फोटो नंतर काढा. आधी तळघरात उतरा. कोणती पोकळी कुठून निघून कुठे संपते ते प्लॅनवर लाल पेन्सिलीनं काढा आणि प्रत्येक मजल्याच्या पातळीला ती आगरोधक भरावानं बंद आहे का ते हात घालून पाहा. केबल टाकताना पाडलेली भोकंसुद्धा मोजा.