सिडकोत माणसं नेमकी राहतात किती?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय आपल्या नाशिकच्या सिडकोबद्दल, म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या आणि त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीबद्दल. कागदावर नवीन नाशिक, पण रिक्षावाल्याला नवीन नाशिक म्हणून बघा, तो तुमच्याकडेच बघत बसेल. तर सिडको कशी वाढली आणि तिथे माणसं किती, एवढाच विषय. आणि तो आत्ता का काढला, तर जनगणना तोंडावर आलीय. शेवटची झाली २०११ ला, २०२१ ची कोरोनात राहिली ती राहिलीच, आता मुख्य मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये असं सरकारने जाहीर केलंय. आणि आपला सिंहस्थ पण त्याच वर्षी, म्हणजे माणसं मोजायची आणि माणसं सांभाळायची, दोन्ही कामं नाशिकच्या गळ्यात एकदमच.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, जुन्या लोकांना माहितीच आहे. सातपूरला एमआयडीसी आली, मग अंबडला आली, कंपन्या आल्या, कामगार आले, आणि त्या कामगाराला गावात, म्हणजे मेनरोड, भद्रकाली, पंचवटी तिकडे, परवडेल असं घर मिळेना. मग अंबड, कामटवाडे, मोरवाडी, उंटवाडी या बाजूची शेतजमीन घेऊन सिडकोने टप्प्याटप्प्याने घरांच्या सहा योजना उभ्या केल्या. छोटी छोटी बैठी घरं, भिंतीला भिंत लागून, एन-४२ नाहीतर एन-५१ असले पत्ते, पोस्टमन सोडला तर कुणाला पटकन सापडायचे नाहीत. १९८२ ला महानगरपालिका झाली, नाशिक, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आजूबाजूची गावं एकत्र आली, आणि मग शहर असं फुगलं की विचारू नका. १९९१ ला शहराची लोकसंख्या साधारण ६ लाख ५७ हजार, २००१ ला १० लाख ७७ हजार, २०११ ला १४ लाख ८६ हजार. वीस वर्षांत सव्वादोन पट, परत सांगतो, वीस वर्षांत सव्वादोन पट.

आता हे आकडे येतात कुठून? शाळेतले मास्तर आणि बाई दारोदार फिरतात तेव्हा येतात. त्यावरून मला २०११ ची गोष्ट आठवते, ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी चहा ठेवून या तोवर.

आमच्या शेजारच्या बाई, प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यांना प्रगणक म्हणून सिडकोतल्या पवननगरकडच्या गल्ल्या आल्या होत्या. फेब्रुवारीचा महिना. दिवसा जावं तर घरोघरी कुलूप, नवरा फर्स्ट शिफ्टला, बायको पापडाच्या नाहीतर शिवणकामाच्या कामाला, म्हणून बाई संध्याकाळी जायच्या आणि गल्लीतल्या कुत्र्यांच्या धास्तीने मला बरोबर न्यायच्या. माझं काम फॉर्मची पिशवी धरायची आणि हाड हाड करायचं.

तर एका घरी गेलो. मूळ घर सिडकोचं, एक खोली, एक स्वयंपाकघर. पण त्यावर एक मजला चढलेला, त्यावर पत्र्याची खोली, आणि बाहेरून लोखंडी गोल जिना. (हे जिने एवढे अरुंद का करतात मला कळत नाही, त्यावरून फ्रिज चढवताना बघा एकदा, अख्खी गल्ली सल्ले द्यायला जमते आणि हात लावायला दोघंच.) खाली थोरला, वर मधला, पत्र्याखाली धाकटा, तिघंही बायका-पोरांसकट. दारात आजी बसलेल्या, धुळ्याकडच्या, नऊवारी, डोक्यावर पदर. सिडकोत खान्देशातली माणसं किती आहेत हे तुम्हाला सांगायला नको, कानबाईच्या मिरवणुकीला या म्हणजे दिसेल.

बाईंनी विचारलं, आजी, इथे कुटुंबं किती? आता जनगणनेत कुटुंब म्हणजे काय, तर नेहमी एकत्र राहणारी आणि एका चुलीवर जेवणारी माणसं. भाऊ-भाऊ आहेत किंवा छत एक आहे, एवढ्यावर भागत नाही. चूल एक तर कुटुंब एक. आजी म्हणाल्या, "एकच चूल शे आमनी, एकच लिख." बाई लिहिणार तेवढ्यात वरून मधल्या सूनबाईंचा आवाज, "मॅडम, आमचं वेगळं लिहा हो!" आजी तिथूनच, "तू गप बस." झालं. बाईंचा पेन हवेतच.

मग चौकशी सुरू झाली. भाकरी कुठे होतात? खाली, आजी करतात, सगळ्यांच्या, एकाच तव्यावर. बाजरी गावाकडून येते, सगळ्यांची एकाच कोठीत. बरं मग भाजी? भाजी ज्याची त्याची, कारण मधलीला तिखट चालत नाही आणि धाकटी शेंगदाण्याचा कूट घालत नाही, हे आजींनी असं सांगितलं की जणू पोरीने खूनच केलाय. चहा? चहा तिन्ही मजल्यांवर. आता तुम्ही सांगा, चूल एक का तीन? बाईंनी सुपरवायझरला फोन लावला. ते म्हणाले, स्वयंपाक एकत्र आहे की नाही एवढंच विचारा. बाई म्हणाल्या, सर, भाकरी एकत्र, भाजी वेगळी. पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही, मग म्हणाले, घरच्यांनाच ठरवू द्या.

तेवढ्यात थोरला आला कामावरून, डबा हातात, युनिफॉर्मवर ग्रीसचे डाग. त्याने सगळं ऐकलं आणि चप्पल काढता काढता सहज बोलून गेला, "आई, रेशनकार्डं तर तीन आहेत ना आपली." आजींना हे माहितीच नव्हतं! गॅसचं कनेक्शन वेगळं घ्यायला म्हणून पोरांनी कधीतरी कार्ड फोडलेलं, आणि आईला सांगायचं तिघांनीही एकमेकांवर ढकललेलं. तीनही सुना एकदम भिंतीकडे बघायला लागल्या. मी पिशवीकडे.

आजी जरा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, "लिख मंग तीन. पन मना नाव तिन्हीसमा लिख. मी तिन्हीस्नी माय शे ना?" बाई म्हणाल्या, आजी तसं नाही करता येत, एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी. हे वाक्य लक्षात ठेवा श्रोतेहो, पुढे लागणार आहे. तर मग आता आजींना कुणाकडे लिहायचं? तिघं भाऊ एकमेकांकडे बघतायत, कुणी बोलेना, कारण "माझ्याकडे" म्हणावं तर दोघांना राग आणि न म्हणावं तर आईला. शेवटी आजीच बोलल्या, "जठे तवा शे, तठे लिख."

लिहिलं. थोरल्याच्या फॉर्मवर. आणि त्यानंतर आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही, पुढची दोन घरं त्या दिवशी राहिलीच. ठेच्यावरून आठवलं, हल्ली नाशिकला द्राक्षमळ्यात, झोपाळ्यावर बसून मिसळ खायचं जे फॅड निघालंय ना, ते मला मंजूर नाही, मिसळ ही बाकड्यावर बसून घाम पुसत खायची गोष्ट आहे, पण असो, वेळ कमी आहे.

तर मुद्दा काय, सिडकोने ते घर एका कुटुंबासाठी बांधलं होतं. नळाची लाइन एका कुटुंबाची, ड्रेनेजचा पाइप एका कुटुंबाचा, रस्ता एका सायकलचा. आता तिथे तीन कुटुंबं, दोन मोटरसायकली आणि एक छोटा हत्ती. बाहेरून बघणाऱ्याला वसाहत तेवढीच दिसते, कारण सिडको आडवी कमी आणि उभी जास्त वाढली. पाथर्डी फाटा, इंदिरानगर तिकडे नवीन बिल्डिंगा उभ्या राहिल्या की लोकांना दिसतं की अरे वस्ती वाढली. इथे पत्रा टाकला की वाढली, कुणाला कळतही नाही. मग सकाळी पाणी आलं की सगळे मोटर लावतात, गल्लीच्या टोकाच्या घराला थेंब नाही, आणि भांडण शेजाऱ्याशी. गंगापूर धरण एकटं पुरेना म्हणून मुकणेचं पाणी विल्होळीहून या बाजूला आणलं, पण गल्लीतला पाइप जुना तो जुनाच.

आणि भाडेकरूंचं तर काय सांगू. त्याच गल्लीत पुढच्या घरी चार पोरं होती, कंपनीत लागलेली, एका खोलीत. म्हणाली, आम्ही इथले नाही मॅडम, आमचं गावाला आईने सांगितलं असेल. अरे बाबा, पाणी इथलं पितोस, कचरा इथल्या घंटागाडीत टाकतोस, तर तू इथलाच. आणि आता आजींना सांगितलेलं वाक्य आठवा, एका माणसाची नोंद एकाच ठिकाणी. कुठे? जिथे तुम्ही नेहमी राहता तिथे. गावाकडच्या आईला फोन करून तसं सांगून ठेवा, नाहीतर ती माउली मायेपोटी तुमचं नाव तिकडेच सांगणार. परत सांगतो, जिथे राहता तिथे मोजून घ्या. इथे मोजलेच गेला नाहीत तर इथलं पाणी, बस, दवाखाना कमी माणसांच्या हिशोबाने येणार, आणि मग पुन्हा शिव्या महापालिकेला.

घरमालकांना पण एक सांगायचंय. भाडेकरू लपवू नका. घरपट्टी वाढेल या भीतीने बरेच जण सांगतात, वर कुणी नाही हो, माळा आहे. माळ्यावर दोरीला शाळेचे चार युनिफॉर्म वाळत असतात! जनगणनेचा कायदा आहे १९४८ चा, त्यात तुम्ही दिलेली माहिती गुप्त असते, ती ना पट्टीवाल्याकडे जाते ना कोर्टात पुरावा म्हणून चालते. तेव्हा बिनधास्त सांगा.

या वेळी कागदाचे फॉर्म नाहीत, प्रगणक मोबाइलवर भरून घेणार, स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची पण सोय आहे, आणि जातीचीही नोंद होणार आहे. प्रगणक आले की ओळखपत्र बघा, दारात उभं ठेवू नका, पाणी विचारा. आणि तुमच्या घरात चुली किती यावर आधीच एकमत करून ठेवा, बाई दारात असताना नको.

पुढच्या भागात पाथर्डी फाट्याकडे जाऊ. तिकडच्या सोसायटीवाल्यांनी टँकरची बिलं काढून ठेवा, लागतील. नमस्कार.