आखाजीची सुट्टी

(कडुनिंबाचं झाड. झोका. कॅमेरा जमिनीलगत.)

अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीकाठचं हे गाव. आज वैशाख शुद्ध तृतीया, म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशाची आखाजी.

झोक्यावर दोघी समोरासमोर उभ्या आहेत. दोघी सासरवाशिणी. एकीला न्यायला भाऊ मुऱ्हाळी म्हणून गेला होता. दुसरी सुरतेहून गाडीने आली, दोन लेकरं घेऊन. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांना या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. सुरतेच्या उधना आणि लिंबायत भागांत राहणारा खान्देश माघारी येतो तो दिवाळीला, कानबाईला आणि आखाजीला. कानबाई श्रावणातल्या रविवारी बसते, म्हणून तिला रजा मागावी लागत नाही. आखाजीला मात्र मागावी लागते.

(गौराईची मिरवणूक. मुली. मग घरातलं दृश्य.)

घराघरांत चैत्रापासून गौराई बसली आहे. आज मुली तिला मिरवत नेतात. झाडाखाली पत्त्यांचे डावही बसतात. ती या सणाची दुसरी बाजू.

आता घरात चला. कुंभाराकडून आणलेली नवी घागर. पाण्याने भरलेली. तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोरी आणि आंबे. ही घागर घरातल्या गेलेल्या माणसांची. ज्या घरात वर्षभरात कोणी वारलं असेल, तिथे डेरगं हे मातीचं भांडं पुजलं जातं. पुरणपोळी, आमरस, कुरडया, भजी, सगळ्याचा थोडा थोडा घास चुलीतल्या निखाऱ्यावर ठेवतात. याला आगारी म्हणतात. धूर वर जाईपर्यंत घरातलं कोणी जेवत नाही.

(सालदार, बैलांच्या गोठ्यात.)

हे सालदार आहेत. शेतावर वर्षाच्या बोलीने काम करणाऱ्या गड्याचं साल खान्देशात आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. एप्रिलचं आर्थिक वर्ष बँकेला, जानेवारीचं कॅलेंडरला. या माणसाच्या हिशोबाची तारीख आज आहे. मालकाशी बोलणी, जुनी उचल, नवा आकडा, सगळं आज. आणि आज तो कामावर नाही. कुठलाही कायदा नसताना गावाने त्याला ही सुट्टी दिलेली आहे.

(तालुक्याचं गाव. सरकारी कार्यालय. भिंतीवरची सुट्ट्यांची यादी.)

राज्य शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत हा दिवस नाही. यादीत २४च्या आसपास सुट्ट्या असतात. प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, गुड फ्रायडे, महाराष्ट्र दिन, बुद्ध पौर्णिमा, पारशी नववर्ष, दोन्ही ईद, गुरुनानक जयंती. त्यातली एकही कमी करा असं आमचं म्हणणं नाही. उलट इतक्या धर्मांना एका यादीत जागा देणारी राज्यं जगात थोडी आहेत. पण शेतकऱ्याचा पोळा त्या यादीत नाही, आणि आखाजीही नाही.

यादी अशी का, हे समजायला ती कुठल्या कायद्याखाली निघते ते पाहावं लागतं. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५. हा कायदा हुंडीचा आणि धनादेशाचा आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरली तर पैसे कधी द्यायचे, एवढ्यासाठी त्यात सार्वजनिक सुट्टी म्हणजे काय ते सांगावं लागलं. त्याच्या दहा वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्लंडात जॉन लबक नावाच्या खासदाराने बँकांच्या सुट्टीचा कायदा करून घेतला. ते स्वतः पेढीवाले होते. चार दिवस बँका बंद. बँक बंद म्हणून व्यापार बंद, व्यापार बंद म्हणून गिरणी बंद. आजही ब्रिटनमध्ये सार्वजनिक सुट्टीला बँक हॉलिडे म्हणतात. इंग्लंडात वर्षाला आठ, स्कॉटलंडात नऊ, उत्तर आयर्लंडात दहा. एकाच राज्यकर्त्यांखालचे तीन प्रदेश, तीन याद्या.

(जगाचा नकाशा.)

स्वित्झर्लंडमध्ये संपूर्ण देशाची म्हणून एकच सुट्टी, १ ऑगस्ट. बाकी सगळ्या त्या त्या कँटनच्या, म्हणजे प्रांताच्या. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी घोड्यांच्या शर्यतीसाठी सुट्टी असते. जर्मनीत आउग्सबुर्ग शहर ८ ऑगस्टला बंद असतं, आणि जर्मनीत दुसरं कुठलंच शहर त्या दिवशी त्या कारणाने बंद नसतं. तिथे धर्मयुद्धांनंतरच्या शांततेचा उत्सव १६५० पासून चालत आला आहे. एका शहराच्या आठवणीसाठी एका शहरापुरती सुट्टी. देश मोडला नाही.

थायलंडमध्ये मे महिन्यात राजनांगरणीचा सोहळा होतो. बँकॉकमध्ये राजवाड्याजवळच्या मैदानावर बैलजोडी नांगर ओढते. मग बैलांपुढे सात जिनसा ठेवतात. भात, मका, कडधान्य, तीळ, गवत, पाणी, दारू. बैल कशाला तोंड लावतात त्यावरून पिकापाण्याचं भाकीत. सरकारी कार्यालयं बंद, बँका चालू. आपल्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला आखाजीच्याच संध्याकाळी धान्याचा घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. तो आमच्या चित्रणात नाही, पण बँकॉकच्या बैलांशी त्याचं नातं लगेच कळतं.

(पहाटेचं आकाश.)

सगळ्यात जवळचं उदाहरण सगळ्यात दूरच्या देशातलं आहे. न्यूझीलंड. तिथल्या माओरी लोकांचं नवं वर्ष हिवाळ्यात सुरू होतं, म्हणजे आपल्या जून-जुलैत. पहाटे पूर्वेला मातारिकी दिसली की. मातारिकी म्हणजे आपल्या कृत्तिका. त्या तारकापुंजातली एक चांदणी मृतांची. वर्षभरात जे गेले त्यांची नावं तिच्याकडे पाहून घेतात. अन्न शिजवतात आणि त्याची वाफ आकाशाकडे जाऊ देतात. आगारीचा धूर पाहिलेल्या माणसाला यात काहीही समजावून सांगावं लागत नाही.

न्यूझीलंडच्या संसदेने २०२२ मध्ये मातारिकीचा कायदा केला आणि त्याच वर्षी २४ जूनला पहिली सुट्टी झाली. चांद्र तिथी दरवर्षी सरकते. त्यावर त्यांनी माओरी जाणकारांना बसवून २०५२ पर्यंतच्या तारखा ठरवून कायद्यातच लिहून टाकल्या. तिथी बदलते म्हणून यादीत बसत नाही, हे कारण तिथे चाललं नाही. आणि आपल्या यादीत तरी गुढीपाडवा, रामनवमी, लक्ष्मीपूजन तिथीनेच येतात.

(पुन्हा झोका. आता म्हाताऱ्या बायका.)

जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून तीन स्थानिक सुट्ट्या जाहीर करता येतात. पण तो आदेश दरवर्षी नव्याने काढायचा, आणि बँका व न्यायालयं त्यातून वगळलेली असतात. रोजंदारीवरच्या मजुराला आणि सुरतेच्या कारखान्यातल्या कामगाराला आखाजीच्या सुट्टीचा पैसा मिळणार नाही, कामाचा एक दिवसही जाईल. त्याचा विचार करावा लागेल.

मागणी एवढीच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, या तीन जिल्ह्यांपुरती आखाजीची कायम सुट्टी, राज्याच्या अधिसूचनेतच नोंदलेली.

पुढच्या वर्षाची अधिसूचना सामान्य प्रशासन विभाग आदल्या वर्षाच्या अखेरीस काढतो. ग्रामसभेचा ठराव दिवाळीच्या आत जिल्हाधिकारी कार्यालयात गेला पाहिजे. ठरावावर बायकांच्या सह्या आधी घ्या. हा सण त्यांनीच धरून ठेवला आहे.