वीतभर खाडी आणि तिच्या काठचं स्टेशन

(यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात, एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप. व्याख्यात्यांनी तयार केलेली रेल्वेची प्रतिकृती समोर टेबलावर मांडलेली होती.)

मंडळी, मघाशी मागच्या रांगेतून कोणीतरी बोललं ते मला ऐकू आलं. "धरनात पानी नाही अन् हा बुवा समुद्र करून राह्यला." बोलणाऱ्याचं काही चुकलं नाही. इथून सरळ रेघ मारली तर पाचशे किलोमीटरच्या आत कुठंही समुद्र नाही. पण आपल्याकडची रेल्वे आली ती समुद्रासाठीच. शकुंतलेचे, म्हणजे आपल्या यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या गाडीचे, डबे कापूस घेऊन मूर्तिजापूरला जायचे, तिथं माल मोठ्या गाडीत चढायचा, मुंबईचं बंदर गाठायचा आणि तिथून जहाजानं मँचेस्टरकडे. खामगावचा आणि अमरावतीचा छोटा फाटा टाकला तोही कापसापायीच. आणखी एक बघा, स्टेशनची पिवळी पाटी. नावाच्या खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. नागपूरला तो आकडा तीनशे मीटरच्या वर आहे. ही सपाटी ठरवायला सर्वेक्षण खात्यानं मुंबई, कारवार, मद्रास अशा नऊ ठिकाणी वर्षानुवर्षं भरती-ओहोटीच्या नोंदी घेतल्या होत्या. समोरच्या माझ्या स्टेशनच्या पाटीवर मी ५ मीटर लिहिलंय. भिंग घेतलं तर वाचता येईल.

फळी आठ फूट लांब, अडीच फूट रुंद. त्यात पाणी किती? पुढच्या कडेला एक वीत. बाकी सगळं स्टेशन, रूळ, वाडी, धक्का, रस्ता. आल्याआल्या लोक पाण्याजवळ वाकतात, बोट लावू का म्हणून विचारतात. पण पाणी मी सगळ्यात शेवटी ओतलं. त्याच्या आधी ही फळी कोरडी असताना कोणी बघितली असती तरी हे समुद्राजवळचं आहे असं त्याला कळायला हवं होतं, ही माझी अट होती. खारी हवा, वारा, पाऊस आणि भरती ही चौघं मिळून स्टेशनचं काय करतात, ते आधी करायचं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

हे अमुक एक स्टेशन नाही. कोकण रेल्वेच्या वाटेवर असू शकेल असं कल्पनेतलं आहे. कोकण रेल्वे समुद्राच्या काठाकाठानं जाते असा आपल्याकडे गोड समज आहे. खिडकीत बसून लाटा बघू म्हणून जो जातो त्याला बोगदे बघायला मिळतात. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरमध्ये नव्वदच्या वर बोगदे आहेत, एकटा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. मार्ग बराचसा आतून, डोंगराच्या पायथ्यानं जातो. समुद्र भेटतो तो खाड्या ओलांडताना. म्हणून मी खाडी घेतली. काळ घेतला १९९८ नंतरचा, म्हणजे मार्ग सलग सुरू झाल्यानंतरचा, आणि विजेच्या तारा यायच्या आधीचा. तारा २०२२ पर्यंत सगळीकडे आल्या. खांब आणि तारा टाळण्यात माझा आळसही होता, ते सांगून टाकतो.

आता थोडं गणित. हे सगळं एकास सत्त्याऐंशी प्रमाणात आहे. माणूस दोन सेंटिमीटरला जरा कमी. बाजारात या प्रमाणाचे रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे, कारण जगात बऱ्याच ठिकाणी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १४३५ मिलिमीटर आहे. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याला सत्त्याऐंशीनं भागलं तर १९.३ येतात. म्हणजे तयार रूळ वापरले की भारतीय गाडी पावणेतीन मिलिमीटरनं पाय जवळ घेऊन उभी राहते. काही लोक स्वतः रूळ बांधतात, स्लीपरवर एकेक पट्टी डकवून. मी मुलांना फिटरचं काम शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस, मला ते जमलं असतं. पण मग इंजिनाची चाकंही बदलावी लागतात, आणि तो सगळा वेळ स्टेशनातून गेला असता. तयार रूळ वापरले आणि बाजूची खडी जरा उंच घेतली.

लांबीचं दुखणं मोठं आहे. बावीस डब्यांची गाडी सव्वापाचशे मीटरच्या वर जाते. आमच्या प्रमाणात सहा मीटर. या खोलीत ती मावणार नाही. मग फलाट आखडायचा, डबे पाच करायचे. रत्नागिरीजवळचा पानवलचा पूल ६४ मीटर उंच आहे, तो करायचा तर पाऊण मीटर उंची नुसत्या खांबांना लागेल. तो मोह सोडला.

एका मुलानं चिठ्ठी पाठवली आहे : शकुंतला का नाही केली? गंमत अशी की ती सोपी गेली असती. तिचं गेज ७६२ मिलिमीटर, सत्त्याऐंशीनं भागलं की पावणेनऊ येतात, आणि ९ मिलिमीटरचा रूळ बाजारात तयार मिळतो. १९२१ साली मँचेस्टरला बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं, आमच्या पिढीनं त्याची शिटी ऐकली आहे. पण शकुंतला करताना मी बघितलंच नसतं, आठवलं असतं. आठवणीत स्टेशनाला गंज चढत नाही. अनोळखी जागेत प्रत्येक डागाला विचारावं लागतं, बाबा, तू इथं कसा आलास?

तर गंजापासून सुरू करू. आपल्या अंगणात मोडका वखर पडलेला असतो. त्याची लोखंडी पास वर्षानुवर्षं उन्हात राहते, तांबडी-काळी होते, पण झिजून जात नाही. कारण उन्हाळ्यात आपल्या हवेत ओल नसते. किनाऱ्यावर तसं होत नाही. वाऱ्याबरोबर मिठाचे कण येऊन लोखंडावर बसतात. हवेतली आर्द्रता पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पाऊस नसला तरी लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो, आणि खाऱ्या पाण्यातून गंजाची क्रिया भराभर होते. म्हणून तिकडचा गंज पापुद्र्यांचा असतो. रंग फुगतो, फुटतो, कडेला नारिंगी दिसतो, आत काळपट.

म्हणून नुसता तपकिरी रंग फासून भागत नाही. पाण्याच्या टाकीच्या पायांवर मी आधी गडद तपकिरी दिला, त्यावर स्पंजच्या तुकड्यानं मीठ-पाणी टिपलं, वाळल्यावर राखाडी रंग दिला आणि मग ते मीठ ओल्या ब्रशनं खरवडून काढलं. जिथं खडा होता तिथं रंगाचा पापुद्रा उडतो आणि खालचा गंज दिसतो. हो, मिठानंच मिठाचं काम केलं. वरून जी भुकटी चोळली ती खऱ्या गंजाची आहे, मोटेच्या जुन्या चाकाचा गंज खरवडून सुती फडक्यातून गाळलेली. रिव्हेटखाली ओघळ फक्त खालच्या बाजूला काढायचे. रुळाच्या बाजू गंजलेल्या, पण वरची कड लख्ख, कारण रोज चाक घासतं. बाजूची सायडिंगची लाईन मात्र वरूनही लाल. गाडी कुठं जाते आणि कुठं नाही, हे त्यावरूनच कळतं.

काँक्रीटलाही समुद्र लागतो. मीठ आत झिरपून सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. धक्क्याच्या खांबांना उभ्या भेगा दिसतात त्या सळईच्या रेषेतच. सुईनं भेग ओढा, कडा किंचित उचला, आत नारिंगी ठिपका द्या. स्टेशनची इमारत त्या मानानं नवी, तिला मी हे दिलं नाही. धक्का जुना आहे.

वारा कुठून येतो हे आधी ठरवून घ्या. पावसाळी वारा नैऋत्येचा, म्हणून या फळीवर प्रत्येक खांबाची, भिंतीची, डब्याची एक बाजू जास्त मळकट आहे. खाडीच्या तोंडाजवळची सुरूची झाडं जमिनीकडे ढळलेली आहेत. माड बहुधा पाण्याकडे झुकतात. माड करताना लोक झावळी फार लहान करतात. खरी झावळी चार-पाच मीटरची असते, म्हणजे इथं पाच सेंटिमीटर. तारेला कागद गुंडाळायचा, दोन्ही कडा कात्रीनं तिरप्या बारीक कापायच्या, आणि दोन झावळ्या वाळलेल्या, खाली लोंबत्या ठेवायच्या. सगळा हिरवा माड दुकानातला वाटतो.

पावसाचं असं आहे, रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्याकडे हजारच्या आसपास. म्हणून तिकडच्या छपराला उतार जास्त, वळचण लांब. आपल्या कवेलूच्या घरासारखा बसका आकार तिथं चालत नाही. मंगलोरी कौल या प्रमाणात साडेचार मिलिमीटरचं होतं. ही कौलं मंगळूरला बाझेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून बनू लागली आणि पश्चिम किनाराभर पसरली. मी जाड कागदाच्या पट्ट्या एकावर एक चढवल्या, रंग एकसारखा दिला नाही. मध्येमध्ये बदललेलं नवं कौल केशरी, उत्तरेकडच्या उतारावर शेवाळ. भिंती जांभ्याच्या. त्यासाठी पीओपीचा पातळ थर ओतून, अर्धवट वाळलेला असताना दात घासायच्या जुन्या ब्रशनं टोचून काढला. वळचणीचं पाणी जमिनीवर आपटून जितकं उडतं तितक्याच उंचीपर्यंत भिंत हिरवी-काळी. पाच-सहा मिलिमीटर, त्याच्या वर नाही. इथं सगळ्यांचा हात सुटतो आणि भिंतीला रोग झाल्यासारखी दिसते.

आता पाणी. खाडीला मी ओहोटी लावली. उधाणाच्या भरती-ओहोटीत कोकणात अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे या फळीवर जवळपास तीन सेंटिमीटर. धक्क्याच्या खांबांकडे बघा. वरून कोरडे, मध्ये शेवाळी पट्टा, त्याच्या खाली पांढुरके शिंपले, सगळ्यात खाली चिखल. ही रेघ सगळ्या खांबांवर एकाच पातळीत पाहिजे. एक खांब खालीवर झाला तर पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण पटतही नाही. होड्या चिखलात कलंडलेल्या. कडेला तिवराची झुडपं.

चिखल आपल्या शेतातला आहे. काळी माती वाळली की भेगा पडतात हे तुम्हाला मी काय सांगू. म्हणून मैद्याच्या चाळणीनं चाळून, निम्मी बारीक रेती मिसळून, पातळ डिंकात अगदी कागदाएवढे थर दिले. वरून चमकदार वार्निश. पाण्याच्या जागी रेझिन आहे, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन, दोन-तीन मिलिमीटरचे थर एकेक करून ओतलेले. जाड ओतलं तर तापतं, बुडबुडे धरतं. आपल्या मे महिन्यात तर ओतूच नये, ते डिसेंबरचं काम. रंग निळा नाही, मातकट हिरवा. आणि लाटा? या प्रमाणात एक सेंटिमीटरची लाट म्हणजे खरी पाऊण मीटरच्या वर. खाडीत ओहोटीला एवढी लाट कुठून येणार? ब्रशनं जेलचे दोन मिलिमीटरच्या आतले तरंग ओढले, तेवढे पुरतात.

उन्हाळ्यावरून आठवलं, आपल्याकडे हा छंद करणाऱ्याचा खरा शत्रू कूलर. दिवसा हवा कोरडी, लाकूड आकसतं. रात्री कूलर लावला की प्लाय ओल पिऊन फुगतो. रुळाचा धातू तीस अंशांच्या फरकानं मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढतो. जोडांत जागा ठेवली नाही तर रूळ वाकडा होऊन उठतो. मोठ्या रेल्वेतही दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटच्या जोडात फट ठेवतात ती याचसाठी. प्लायला सहाही बाजूंनी रंग द्या. खालची बाजू कोण बघतंय म्हणून सोडू नका. भारनियमनाची मात्र भीती नाही, गाडी बारा व्होल्टवर चालते, मोटरसायकलची बॅटरी पुरते.

फलाटावर काय चाललंय ते बघून घ्या. बर्फातल्या मासळीच्या पेट्या रचलेल्या आहेत, त्यांचं खारं पाणी फलाटावरून रुळाकडे ओघळलंय. त्या ओघळाखालची खडी काळी आणि रुळाचा तेवढाच तुकडा जास्त गंजलेला. मांजर आहे, कावळे आहेत. मागच्या लाईनवर सपाट वॅगनींवर ट्रक चढवलेले दिसतात. ही रो-रो, १९९९ पासून कोकण रेल्वेवर चालते, घाटातल्या रस्त्याऐवजी ट्रकच रेल्वेनं जातो. तिसऱ्या ट्रकची नंबरपाटी एमएच २९ आहे. आपल्या यवतमाळचा. त्यात काय भरलंय ते मी ठरवलेलं नाही, ताडपत्री बांधून टाकली.

ज्याला हे करून बघायचंय त्यानं गाडी आधी विकत घेऊ नये. गाडी आली की ती फिरवण्यातच महिने जातात. फूटभर लांबीची फळी घ्या, एक भिंत, एक पन्हळ, एक खांब करा. आपल्याच गावातल्या एखाद्या गोदामाची भिंत घेतली तरी चालेल. दुपारी जाऊन तिच्याकडे नीट बघा, डाग कुठं आहे, कुठल्या बाजूनं आहे, किती उंचीपर्यंत आहे, त्याच्या वर काय गळतंय. मोजून वहीत लिहा. माझ्याकडे पीओपी आणि भुकटी आहे, रविवारी सकाळी इथंच येऊन घेऊन जा. आता पुढे या, दोघा-दोघांनी बघा, आणि पाण्याला हात लावला तरी चालेल, ते वाळलेलं आहे.