हातचा: देवळालीच्या फळ्यापासून चिपपर्यंत

[देवळाली. सकाळ. फळा, खडू धरलेला लहान हात.]

७६४१ उणे १४६७.

एकातून सात जात नाहीत. शेजारच्या घरातून दहा उसने. आता दशकात तीनच उरले, त्यातून सहा जात नाहीत. पुन्हा शेजार. उत्तर येतं ६१७४. तेच चार अंक, फक्त जागा बदललेल्या.

ही संख्या देवळालीची. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ इथे शाळेत शिकवत होते. ६१७४ चा हा गुण त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. आपण मात्र त्या उसन्याकडे बघू. बेरजेत त्याच्या जोडीला हातचा असतो, आणि संगणकाला बेरीज करताना वेळ लागतो तो या हातच्यापायी.

[फळ्यावर ९९९९ + १.]

एककात दहा झाले, हातचा एक. दशकात दहा, हातचा एक. शतकात तेच, हजारात तेच. उजवीकडचं घर सुटल्याशिवाय डावीकडच्याला काही करता येत नाही. संगणकात अंक दोनच, शून्य आणि एक; अशा एका अंकाला बिट म्हणतात. ३२ बिटांची बेरीज अशी केली तर हातचा ३२ घरं एकामागून एक चालत जातो.

[नाशिक. महाविद्यालयाची प्रयोगशाळा. एफपीजीए बोर्ड, ३२ दिव्यांची रांग.]

तो चालताना दिसावा म्हणून या मुलामुलींनी प्रत्येक घरापाशी एका सेकंदाचा थांबा घातला आहे. एफपीजीएत, म्हणजे आतली जोडणी आपण ठरवू शकतो अशा चिपमध्ये, हातच्यासाठी वेगळी जलद वाट तयार असते, ती यांनी मुद्दाम सोडून दिली.

[दिवे एकेक करून पेटतात. आवाज नाही.]

बत्तीस सेकंद.

आता दुसरी मांडणी. १९७३ मध्ये पीटर कॉगी आणि हॅरल्ड स्टोन यांनी ती प्रसिद्ध केली. फळ्यावरच समजून घेऊ. कुठल्याही घरातले दोन अंक बघा. बेरीज दहा किंवा जास्त असेल, तर ते घर हातचा देणारच, उजवीकडून काहीही येवो. आठ किंवा कमी असेल, तर आलेला हातचा तिथेच जिरतो. आणि बरोबर नऊ असेल, तर आलेला हातचा तसाच पुढे जातो. हे ठरवायला शेजाऱ्याची वाट बघावी लागत नाही. सगळी घरं एकाच वेळी आपापलं उत्तर देतात. मग प्रत्येक घर उजवीकडच्या घराशी बोलतं, दोघांचं मिळून एक उत्तर होतं. पुढच्या पायरीला चार घरांचं, मग आठ, सोळा, बत्तीस.

[त्याच रांगेत दिवे झुंडीनं पेटतात.]

पाच सेकंद. घरं दुप्पट केली, ६४ केली, तरी एकच पायरी वाढते.

यात तारांचं जंजाळ होतं. ब्रेंट आणि कुंग यांनी १९८२ मध्ये पायऱ्या थोड्या वाढू दिल्या आणि तारा कमी केल्या.

[वहीवर गुणाकाराच्या तिरक्या ओळी.]

गुणाकार म्हणजे एकाखाली एक ओळींची बेरीज. ख्रिस वॉलेस यांनी १९६४ मध्ये सुचवलं, की दर ओळीला हातचा मिटवत बसू नका. तीन ओळी घ्या, त्यांच्या दोन करा: एक बेरजेची, एक नुसत्या हातच्यांची. शेवटी दोनच ओळी उरतात, तेव्हा एकदाच हिशेब पुरा करा.

अंक निम्मे केले की ओळी निम्म्या होतात, आणि प्रत्येक ओळही निम्मी. म्हणून ३२ ऐवजी ८ बिट घेतले तर गुणाकाराचं मंडल साधारण सोळाव्या हिश्श्यात बसतं. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिप याच हिशेबावर उभ्या आहेत. गूगलच्या पहिल्या टीपीयूमध्ये, म्हणजे २०१५ पासून त्यांच्या डेटा सेंटरात चालणाऱ्या चिपमध्ये, ८ बिटांचे ६५,५३६ गुणक, म्हणजे गुणाकाराची मंडलं, होते.

अंक कापताना चूकही होते. १९९१ मध्ये सौदी अरेबियातल्या धाहरानला, येणारी क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या अमेरिकी पेट्रियट यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांत कापून मोजत होतं. शंभर तासांत ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यानं चुकलं, येणारं क्षेपणास्त्र अडलं नाही, २८ सैनिक गेले.

[दिंडोरी. द्राक्षबाग, वेलीच्या बुडाशी ओलावा मोजणारा सेन्सर.]

या सेन्सरच्या चिपमधला गुणक ८ बिटांचा. मातीच्या ओलाव्याला तेवढे पुरतात. आराखडा नाशिकच्या त्याच प्रयोगशाळेतला, आधी कागदावर हातचे मोजून आणि मग मोफत मिळणाऱ्या साधनांवर साध्या लॅपटॉपवर उतरवलेला. तो काढणारी मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. यासाठी तिला बेंगळुरूला जावं लागलं नाही.

[ठिबकची नळी. पहिला थेंब. निवेदन नाही.]